बेटावरची तिसरी खाट

"समिंदराच्या पल्याड, दिवा कुनाचा जळतो...
लेकी माझ्या येती, जीव वाटंकडं लागतो..."

हा आवाज माझ्या आईचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. कामोठ्यात आमच्या बिल्डिंगला टँकरनं पाणी यायचं. आई रांगेत हंडा ठेवायची, बाजूला बसायची आणि असं काहीतरी गुणगुणायची. महाडकडच्या डोंगरातली बाई ती. बेट तिनं कधी पाहिलं नव्हतं. जातं गावी राहिलं, ओव्या तेवढ्या तिच्यासोबत एसटीनं आल्या.

पुढं जे लिहितेय ते घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलेलं.

मी संघप्रिया. बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आई गेली तेव्हा आम्ही पान ठेवलं नाही, कावळ्याची वाट बघितली नाही. बुद्धवंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, चार माणसं जेवली. म्हणून तर हे इतके दिवस कुणाला सांगितलं नाही. आमचीच माणसं मला हसली असती.

तारीख १० फेब्रुवारी २०२४. शनिवार.

रात्र नव्हती. भर दुपार होती... तीन वाजून गेले होते.

पण आधी क्रांतीबद्दल सांगायला हवं.

क्रांती माझी धाकटी बहीण. ऐरोलीला एका कंपनीत कामाला होती. ऑक्टोबरात ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर अंदमानातल्या एका छोट्या बेटावर जाणार होती. आईसुद्धा जाणार होती. आईनं त्यासाठी नव्या चपला आणल्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या. मग एके दिवशी क्रांती म्हणाली, "ताई, आई नको म्हणतेय. गुडघे दुखतात म्हणे." मी आईला विचारलं. आई म्हणाली, "आसूं दे गं. जाऊ दे पोरीला."

निघायच्या दोन दिवस आधी आई झोपेतच गेली. आमची आई, बायजाबाई गेली, आणि घरातला आवाज गेला.

क्रांती त्यानंतर मीठ विरघळावं तशी विरघळत गेली. नोकरी सोडली. दोन घासांवर उठायची. रडायची मात्र नाही. जानेवारीत एकदा कपडे काढायला गच्चीवर गेले, तर ही कठड्याला टेकून खाली बघत उभी. मी हाक मारली.

"ताई, इथून खाली सगळं किती शांत दिसतं गं..."

त्याच संध्याकाळी मी गच्चीला कुलूप लावलं, वॉचमनकडून किल्ली मागून घेतली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली; कपडे वाळत घालायला शेजारणी सुट्टीच्या दिवशी माझ्याकडूनच किल्ली न्यायच्या. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, एकटं सोडू नका, जमलं तर थोडी जागा बदला. आईचा विषय तिच्यासमोर आपणहून काढू नका.

एक दिवस तीच म्हणाली, "ताई, त्या बेटावर जाऊया?"

चार महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी लगेच रजा टाकली.

गुरुवारी संध्याकाळी दोघी पलंगावर बसून मोबाईलवर हॉस्टेलं बघत होतो. हॉटेल परवडणारं नव्हतं. एका हॉस्टेलात पार्ट्या चालायच्या. दुसरं बोटीच्या धक्क्यापासून लांब होतं. तिसऱ्यात बायकांची वेगळी खोली होती. एकावर एक अशा सहा खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, बाथरूम एक.

"सहा बायका आणि एक बाथरूम," क्रांती म्हणाली. "म्हणजे आपल्या गावचं लग्नघरच की!"

ती हसली. खरंच हसली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तिथं फोन लावला तर पलीकडून चक्क मराठी आली. रायान नावाचा मॅनेजर. मूळचा उरणचा. "बिनधास्त या ताई, आपल्याच मानसाचं हाय असं समजा." झालं. तेच ठरलं.

आता माझी चूक.

आमच्याकडं रेल्वेचं तिकीट काढताना आईचं नाव पहिलं टाकायचं. वय दिसलं की खालचा बर्थ मिळतो. दहा वर्षांची सवय. अ‍ॅपमध्ये तिघींची नावं साठवलेली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच अ‍ॅपवर हॉस्टेल बुक केलं आणि बोटांनी आपोआप तिन्ही नावांवर खूण केली. आधार कार्डंही तिघींची एकाच कागदावर झेरॉक्स केलेली. तोच कागद पाठवून दिला.

संध्याकाळी रायानचा फोन आला. "ताई, तिघीजनी ना? आईंना खालची खाट ठेवतो."

क्रांती शेजारीच भाजी निवडत होती. नाव काढायला सांगायचं, तर कारण सांगावं लागणार. आई नाही, हे तिच्यासमोर मोठ्यानं म्हणावं लागणार.

मी म्हटलं, "हो. तिघी."

एक खाट रिकामी राहील, एवढाच विचार केला.

आमचं विमान सोमवारचं होतं.

शनिवारी दुपारी क्रांती आतल्या खोलीत बॅग भरत होती. मी बाहेर कपड्यांना इस्त्री करत होते. सव्वातीनला फोन वाजला.

"ताई, रायान बोलतोय. आई पोचल्या बरं का."

"कोण आई?"

"तुमच्या आई. बायजाबाई. तुमी सोमवारी येनार, त्या दोन दिस आदीच आल्या. पन टेन्शन नका घेऊ, खाट रिकामीच हाय."

इस्त्रीखाली दुपट्टा जळल्याचा वास आला तेव्हा मी इस्त्री उचलली.

"रायानभाऊ, दुसरं कुणीतरी असेल."

"आधार जुळवलं ना ताई मी. तोच फोटो, तोच चेहरा. कपाळावर गोंदन. नाव इचारलं तर सही पन केली रजिस्टरला."

आईच्या कपाळावर गोंदण होतं... तुळशीच्या पानाएवढं.

"एकट्याच आल्या. सामान काय नाय. ओचा सगळा भिजलेला. आनि चपला हातात धरलेल्या, ताई. नव्याकोऱ्या. निळ्या पट्ट्याच्या."

मी फोन कानाला तसाच धरून आईच्या कपाटाशी गेले. खालच्या कप्प्यात चपलांचा खोका होता. आई गेल्यापासून आम्ही त्याला हात लावला नव्हता.

झाकण उघडलं.

आत फक्त पातळ कागद होता... दोन पावलांच्या आकारात दबलेला.

"ताई? हाय का लाईनवर?"

"काय करतेय ती?" मी विचारलं.

"बसल्यात खाटंवर. मिश्री लावतायत. फोटो पाठवू?"

फोटो आला. खालची खाट. पडदा अर्धा सरकवलेला. पांढरी चादर... मधोमध खोलगट दबलेली, कुणी बसल्यावर दबते तशी.

खाटेवर कुणीच नव्हतं.

"भाऊ, फोटोत कोणी नाहीये."

"काय ताई मस्करी करता? ह्या काय, समोर बसल्यात!"

आणि मग तो हसून म्हणाला, "तुमच्या आई पन भारी हायत. आल्यापास्नं तीनदा इचारून झालं. एकच परश्न."

"कोणता?"

"म्हनतात... हितं म्हातारी मानसं घेत्यात ना?"

मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही.

पण मागं काहीतरी पडलं. वळून बघितलं तर क्रांती दारात उभी होती. फोन स्पीकरवर कधी गेला, मला माहीत नाही. इस्त्री उचलताना बोट लागलं असेल. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातली टॉवेलची घडी पायाशी पडली होती.

"क्रांती, अगं कुणीतरी फसवतंय..."

"त्याला हे कसं माहीत?" ती पुटपुटली. "ताई, हे कुणालाच माहीत नाही. कुणालाच..."

"काय माहीत नाही?"

ती आत निघून गेली. मी फोन स्पीकरवरून काढला, पुन्हा कानाला लावला. रायान बोटीच्या वेळा सांगत होता. दारोदार विकायला आलेल्या माणसाला थांबवावं तसं मी त्याला थांबवत होते. अर्धं मिनिट गेलं असेल. फार तर एक.

घर एकदम रिकामं वाटलं.

पंखा फिरत होता. बॅग उघडी होती. बाहेरचं दार उघडं होतं.

माझी पर्स टेबलावर उपडी पडली होती.

किल्ली नव्हती.

सहावा मजला ते गच्ची, मी कशी चढले ते आठवत नाही. पायात काही नव्हतं. हातात फोन तसाच चालू. "ताई, काय झालं? ताई?" रायान ओरडत होता.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. खारघरचे डोंगर समोर नुसते उभे. कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. आणि त्या चादरींच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यावर, क्रांती बसली होती. पाय पलीकडं सोडून.

"क्रांती!"

"पुढं येऊ नको ताई."

मी थांबले. दोघींमध्ये दहा पावलं असतील. दहा पावलं म्हणजे किती लांब, ते मला त्या दिवशी कळलं.

"ती तिथं एकटी आलीय," क्रांती म्हणाली. "अजून तेच विचारतेय. मला जाऊ दे तिच्याकडं."

काय करावं? कुणाला हाक मारावी? आईनं मला लहानपणी सांगितलं होतं, धाकटी तुझ्या पदरात टाकलीय. पदर फाटत होता आणि माझ्या हातात एक फोन होता, बस.

मी आयुष्यभर न मानलेली गोष्ट त्या क्षणी मानली. मानली म्हणण्यापेक्षा, बुडणारा माणूस दोरी पारखून धरत नाही, तशी धरली.

"रायानभाऊ, फोन आईकडं द्या."

"ताई, तुमी रडताय का..."

"द्या म्हणते ना! हात जोडते. तिच्या कानाला लावा!"

पलीकडं पावलं वाजली. लाकडी फळ्यांवरची. पडद्याच्या कड्या सरकल्या... खर्र...

मग रायानचा आवाज गेला.

मी ऐकत राहिले. शब्द नव्हता. फक्त श्वास. चढ चढून आलेल्या बाईचा असतो तसा, मध्येच अडकणारा. आणि त्या श्वासामागं लांब कुठंतरी पाणी.

आई फोनवर अशीच असायची. आधी आपण बोलायचं. मग ती.

मी हात लांब करून फोन पुढं धरला. "क्रांती, आई लाईनवर आहे. तिला काय सांगायचंय ते इथं येऊन सांग. तिला तिकडून एवढ्या लांबून ऐकू येणार नाही."

ती वळली. चादरी वाऱ्यानं हलायच्या, ती दिसायची, पुन्हा झाकली जायची. प्रत्येक वेळी चादर खाली येताना मी जीव मुठीत धरायचे.

मग तिनं एक पाय आत घेतला.

मग दुसरा.

तिनं जवळ येऊन फोन घेतला. मी तिच्या ओढणीचा शेव माझ्या मुठीला गुंडाळून घेतला.

त्यानंतरचं आधी सांगून टाकते.

आम्ही बेटावर गेलो नाही. क्रांती त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडं गेली, या वेळी आपणहून. आता बरी आहे. जेवते. कामोठ्यातच लहान मुलांच्या शिकवण्या घेते.

रायानला मी आई गेल्याचं रविवारी सांगितलं. त्यानं आई गेल्याची तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, शनिवारी फोन परत घ्यायला गेला तेव्हा फोन खाटेवर पडला होता आणि खोलीत कुणी नव्हतं. जायला एकच दार, आणि त्या दाराशी तो स्वतः उभा होता. त्यानं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. आईनं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकली होती. 'बायजा' लिहिताना ज चा काना ती खाली ओढायची. तो काना तसाच आहे.

कुणी म्हणेल, रायाननं आधार कार्डावरून गंमत केली. मीही तसं म्हणून बघते. पण मग चपला कुठं गेल्या? त्या अजून सापडल्या नाहीत. आणि तो प्रश्न? तो तर मलासुद्धा ठाऊक नव्हता.

भर दुपारी फोन वाजला की मी अजून हातातलं काम खाली ठेवते. नंबर न बघता मी उचलत नाही.

त्या दिवशी गच्चीवर क्रांतीनं फोन कानाला लावला. पलीकडून शब्द आला नाही, हे मी शपथेवर सांगते. मी तिच्या गालाला गाल लावून उभी होते. फक्त तो श्वास येत होता... आणि मग तोही थांबला. कुणी नीट ऐकायला लागलं की थांबतो तसा.

चार महिने न आलेलं पाणी क्रांतीच्या डोळ्यांतून वाहायला लागलं.

"आई... हॉस्टेलवाले म्हातारी माणसं घेत नाहीत, हे मी तुला खोटं सांगितलं. त्यांना मी विचारलंच नव्हतं. ऑफिसच्या पोरी होत्या बरोबर. तू त्यांच्यासमोर मिश्री लावत बसशील, गावच्यासारखं बोलशील... मला तुझी लाज वाटली, आई."