गरम टाकीचं कपाट

कोट काढून बस, म्युरिएल, तुला उकडेल. माझा राहू दे.

बॉयलर बदलायचा म्हणजे माणसाने यावं, मापं घ्यावी, चहा पिऊन जावं. पण आमच्याकडे डेस्मंड नावाचा नवरा आहे, त्यामुळे त्याचंही रामायण झालं. जुना बॉयलर खाली धापा टाकत होता. वर जिन्यालगतच्या कपाटात त्याची गरम पाण्याची टाकी, आणि तिच्यावरच्या फळ्यांवर धुतलेले कपडे उबेला ठेवलेले. सगळ्या यॉर्कशरच्या बायका ठेवतात, पण माझ्या सासूचं, एथेलचं, ते देवघरच होतं. दमट कपडा अंगाला लागला की माणूस मेला, एवढंच तिला आयुष्यात कळलं. ताडमाड बाई, पण कायम कुडकुडायची. संध्याकाळ झाली की कपाटाच्या दारावर टक, टक, टक. म्हणजे मी बुटकीने धावत यायचं आणि तिचा गाऊन काढून द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. टकटक राहिली.

"पाइप तापले की वाजतात," बॉयलर बसवणारा केरिगन म्हणाला. "बाई, टाकीवाला हवा की बिनटाकीचा? बिनटाकीचा लागेल तेव्हाच पाणी तापवतो."

"बिनटाकीचा."

डेस्मंड चहात बघत पुटपुटला, "टाकी असू दे, विन... आईने जायचं कुठे?"

साठी उलटली तरी आईचं बाळ. "सगळे जातात तिथे," मी म्हणाले.

टाकी गेली. तिचा फ्लॅनेलचा गाऊन मी चर्चच्या जुन्या कपड्यांत देऊन टाकला.

त्या दिवशी चहाच्या वेळेलाच अंधारून आलं. खोली तापवणारा रेडिएटर इतका तापलेला की हात ठेववत नव्हता, आणि मला हुडहुडी भरलेली. स्वेटर घातला, तो दमट. दुसरा घातला, तोही दमट. ओल्या लोकरीचा वास नाकातून जाईना. आणि वरून आवाज आला... टक, टक, टक. आता तिथे एकही पाइप नव्हता.

कपाट रिकामं होतं. आमच्या खोलीत रेडिएटरवर तिचा गाऊन होता, पाणी ठिबकत.

"मी नाही आणला, विन..." डेस्मंड दारातून म्हणाला.

"मग काय पाद्रीबुवांनी पोस्टाने धाडला?"

बाहेर फेकला की संध्याकाळी परत हजर. काही केल्या वाळत नाही, आणि माझ्या अंगात ऊब येत नाही. डॉक्टर म्हणतो, वय झालं. गाढव आहे. शेवटी मी स्वतः, अगं म्युरिएल, त्या केरिगनच्या हातापाया पडले की बाबा, टाकी परत बसव. म्हणे, ईस्टरनंतर बघू.

आज मात्र टकटक झाली नाही. मी वर जाऊन आले. गाऊन पलंगावर माझ्या झोपायच्या बाजूला पसरून ठेवलाय. पहिल्यांदाच कोरडा, छान गरम. बाह्या दुमडून टाके घातलेत, खालची शिवणही वर घेतलीय. बरोबर माझ्या मापाचा झालाय.

मला फार थंडी वाजतेय, म्युरिएल...