भट्टीच्या ओट्यावरच्या चपला

भट्टी आज का पेटवली नाही, हे तुम्ही आल्यापासून दोनदा विचारलंत. एवढ्या लांबून बरण्या न्यायला आलात आणि आम्ही म्हणतो, अजून थोडं थांबा. राग येणारच. बसा. कंदील जरा अलीकडे ओढा, पण वात वर करू नका, काच आधीच काळी झालीय.

मला फार बोलता येत नाही. ताई म्हणते, याच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. शाळेतही तसंच. उत्तर यायचं, पण उभा राहिलो की घसा बंद. शेवटी शाळाच सुटली आणि मी ताईकडे, भावजींच्या हाताखाली काम शिकायला आलो. मडक्यांशी बोलावं लागत नाही. पण हे मात्र तुम्हाला सांगतो. सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. दिवस आजच्यासारखाच, धुक्याचा. भट्टीचं दार लिंपायच्या चिखलात घालायला बारीक रेती हवी होती, म्हणून ताईने मला नदीवर पाठवलं. मी रेतीची पाटी घेऊन परत आलो तोवर दुपार कलली होती, तरी धुकं हललं नव्हतं. अंगणातलं चाक दिसत होतं, त्याच्या पलीकडचं कुंपण दिसत नव्हतं.

आमची भट्टी तुम्ही पाहिलीत. खोलीएवढी आहे. वाकून आत जायचं आणि मागच्या भिंतीपासून कच्च्या भांड्यांचे थर लावत लावत बाहेर यायचं. जाळ फिरायला मागे आणि एका कडेला जागा सोडतात, बारीक माणूस अंग आडवं करून शिरेल एवढी. सगळं भरलं की दार विटांनी चिणायचं, वरून चिखलाने लिंपायचं. मग भांडी भाजून, भट्टी निवेपर्यंत त्या दाराला हात लावायचा नाही.

आत चपला घालून जात नाहीत. चपलेखालचा खडा कच्च्या भांड्यात पडला तर भांडं भाजताना फुटतं. म्हणून चपला दाराबाहेर ओट्यावर काढायच्या. त्यातूनच आमच्याकडे दुसरा नियम झाला. दार चिणण्याआधी ओटा बघायचा. चपला बाहेर, तर माणूस आत.

हा नियम थोरल्यांनी घातला. थोरले म्हणजे भावजींचे वडील, ताईचे सासरे. त्यांना सगळे थोरलेच म्हणायचे. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

त्यांची एक सवय होती. भाजून निघालेलं प्रत्येक भांडं कानाशी धरून ते बोटाच्या पेराने वाजवायचे. दोनदा हळू, मग थोडं थांबून एकदा जोरात. टण टण... टण. चांगलं भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं, हे कुणालाही कळतं. पण ते मधलं थांबणं त्यांचंच होतं. भावजी एकदा म्हणाले, "बाबा, मध्येच थांबता कशाला?"

"मी विचारतो, ते उत्तर देतं. उत्तराला वेळ नको?" थोरले म्हणाले. "तुझा मेहुणा नाही का घेत?"

मेहुणा म्हणजे मी. सगळे हसले होते. मीही हसलो होतो, जरा उशिरा.

तर त्या दिवशी मी आलो तेव्हा भट्टी भरून झाली होती. दमट हवेत कच्च्या भांड्यांना ओल धरते, म्हणून दाराशी निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं होतं. ओटा मोकळा होता. ताई पडवीत बरण्यांचे कान चिकटवत बसली होती.

"भावजी कुठायत?" मी विचारलं.

"लाकूडवाल्याकडे जायचं म्हणत होते सकाळी. गेले असतील. सांगून जातील तर ते कसले. आणि तो तुडव्याही गायब आहे."

तुडव्या म्हणजे आमच्याकडचा माती तुडवणारा. उंच, हळू, दिवसभर अनवाणी चिखलात. त्याला घाई म्हणून कधी झालेली नाही.

"तू दार घे चिणायला," ताई म्हणाली. "उजेड आहे तोवर पेटवू. ओल धरली तर सगळं परत वाळवत बसावं लागेल."

मी ओटा परत बघितला. मोकळा. वाकून आत हाक दिली, "कोणी आहे का..." माझी हाक म्हणजे पायाशी बसलेल्या मांजरानेही कान टवकारू नयेत अशी, पण त्या दिवशी मी बऱ्यापैकी मोठ्याने दिली. आतून काहीच आलं नाही. निखाऱ्यांचा वास तेवढा आला, जड, डोकं धरणारा. मी घमेलं बाहेर ओढलं आणि विटा लावायला घेतल्या.

काम चांगलं झालं. एक वीट, चिखल, पुढची वीट. धुक्यात आवाज लांब जात नाहीत. थापीचा आवाज माझ्या हाताशीच विरून जात होता. शेवटची वीट बसवली, सगळं लिंपलं, ओल्या हाताने गुळगुळीत केलं. मग खाली जाळाच्या तोंडाशी ढलप्या रचल्या, रॉकेलचा बोळा ठेवला आणि काडी ओढली.

टण टण...

मी मान वर केली. वाटलं, ताईने काही ठेवलं असेल. पण पडवी डावीकडे, आणि आवाज समोरून आला होता.

...टण.

काडी बोटापर्यंत जळत आली आणि चटका बसला, तेव्हा ती मी चिखलात खुपसली.

दुसरी काडी ओढायचं धाडस होईना. मी भिंतीला कान लावला. विटा गार होत्या. आत काही हलत नव्हतं. मग अगदी जवळून, भिंतीच्या पलीकडून कुणी माझ्याच कानाशी भांडं धरावं तसा आवाज आला. टण टण. मी वाट पाहत राहिलो. कशाची वाट पाहतोय ते मला माहीत होतं. टण.

आणि वास. निखाऱ्यांचा नाही. निलगिरीच्या तेलाचा. थोरले थंडीत छातीला चोळायचे, त्या तेलाचा.

मी मागे सरकलो तो ताईवरच आदळलो. ती चहाचे पेले घेऊन मागे उभी होती.

"काय रे?"

मी भट्टीकडे बोट केलं.

तिलाही ऐकू आलं. चहा तिच्या हातावर सांडला, तरी तिने हात झटकला नाही.

"आत भाजलेलं भांडं राहिलंय का एखादं?" ती अगदी हळू म्हणाली.

"नाही... सगळं कच्चं आहे. मीच वाहून दिलंय सकाळी."

"कच्ची माती वाजत नाही."

"नाही वाजत."

"मग हे..." तिने वाक्य सोडून दिलं. ते वाजवणं मी दोन वर्षं ऐकलं होतं, तिने लग्न होऊन आल्यापासून. मला सांगायची गरज नव्हती, तिलाही नव्हती. ती म्हणाली, "पेटवू नकोस. काहीतरी विचारतायत ते."

माझ्या मनात आलं, इथून आधी निघू. घरात जाऊ, दार लावून घेऊ. पाय मात्र तिथेच राहिले. धैर्य नव्हे ते, पाय उचलत नव्हते.

तेवढ्यात धुक्यात फटाक फटाक आवाज झाला आणि तुडव्या आला. लंगडत.

"वैनी, लाकडं उद्या देतो म्हणाला. दादांना सांगा, परत मला पाठवू नका. पाय सोलवटले माझे." त्याने पाय वर करून चप्पल दाखवली. "माझे पाय सुजलेत का चपला आटल्यात, कळत नाही."

ताई त्याच्या पायाकडे बघत होती. डाव्या पट्ट्याला तांबडी शिवण होती. ती तिनेच घातली होती.

"या कुणाच्या घातल्यास?"

"इथे ओट्यावर होत्या. चिखलातून निघालो, समोर दिसल्या त्या घातल्या. दादाच म्हणाले, तू जा लाकडाचं बघायला, मला मागचा थर कललेला वाटतोय..."

तो बोलता बोलता थांबला. लिंपलेल्या दाराकडे त्याने तेव्हाच बघितलं.

ताई किंचाळली नाही. पेले तिच्या हातातून सुटले आणि ती दोन्ही हातांनी दारावर तुटून पडली. चिखल ओला होता म्हणून विटा सुटल्या. मी ओढत होतो, तुडव्या लाथा घालत होता. भोक पडलं तसा तो जड वास भसकन बाहेर आला. मी त्या कडेच्या जागेत शिरलो. पण भावजी माझ्याहून काटकुळे. मी मध्येच अडकलो.

"भांडी आहेत ताई... थर मध्ये आहे."

"फुटू देत," ताई म्हणाली. तिनेच पहिला थर खाली ओढला.

महिनाभराचं काम पायाखाली गेलं. मागच्या भिंतीशी भावजी पालथे पडले होते, दोन्ही हात अंगाखाली. आम्ही त्यांना ओढत ओट्यावर आणलं, तोंडावर पाणी मारलं. ताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नुसती "अहो... अहो..." म्हणत होती. धुकं आमच्या अंगावरून हळूहळू चाललं होतं. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. आणि छाती हलली.

ते खोकले. खूप वेळ खोकले. मग डोळे उघडले, ताईकडे बघितलं, तुडव्याकडे बघितलं, आणि खरखरत म्हणाले, "माझ्या चपला काढ आधी."

मला हसू आलं आणि रडू पण आलं. तुडव्या तर ओट्यावर बसून चिखलाच्या हातांनी डोळे पुसत होता. तोंड सगळं माखलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही भट्टीकडे वळून बघितलं नाही. भावजी डोकं धरून पडवीत पडले होते, ताई त्यांना घडीघडीला चहा पाजत होती आणि घडीघडीला रागवत होती. घरात एवढा आनंद मी कधी बघितला नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी विचारलं, "भावजी, आतून तुम्ही वाजवत होतात का?"

"काय वाजवणार? निखाऱ्यांच्या वासाने डोकं गरगरलं एवढं आठवतंय. पुढचं काही नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं.

त्या पडझडीत मागच्या भिंतीजवळची एक बरणी वाचली होती, भावजींचं डोकं होतं तिथेच, हातभर अंतरावर. पुढे भट्टी परत भरली तेव्हा ती पुन्हा ठेवली. भाजून निघाली सुरेख. तडा नाही, पोपडा नाही, पाणी भरून ठेवलं तर थेंब गळत नाही. पण वाजवली की बद्द. भावजींनी हर तऱ्हेने वाजवून बघितली. शेवटी म्हणाले, "हिचा आवाज खर्च झालाय." आता ती पडवीत आहे, तुम्ही मघाशी पाणी प्यायलात ना, तीच.

घाबरू नका, पाणी चांगलं आहे.

आता आजचं सांगतो. आज दुपारी भट्टी भरून झाली. आता आम्ही चपला तर बघतोच, शिवाय माणसंही मोजतो. भावजी पडवीत, ताई चुलीशी, तुडव्या स्वतःच्या चपला हातात घेऊन उभा. तेव्हापासून तो त्या हातातच धरतो. मी हाक दिली. हाकेला आता जरा जोर आलाय. मग पहिली वीट उचलायला वळलो, आणि ओट्यावर एक जोड दिसला.

जुन्या चपला. टाचेला झिजलेल्या, अंगठ्याशी दोऱ्याने बांधलेल्या. तोंडं भट्टीकडे. थोरल्यांच्या. ते गेले तेव्हा ताईने त्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. मी माळ्यावर चढून बघितलं. फडकं तिथेच होतं, घडी न मोडलेलं. आत हाताला काहीच लागलं नाही.

आम्ही आत जाऊन बघितलं. मागची जागा, कडेची जागा. कोणी नाही. एक थर मात्र कललेला निघाला. तसाच पेटवला असता तर तुमच्या बरण्या एकमेकींवर आल्या असत्या. तो सरळ केला. तरी चपला तिथेच होत्या.

भावजींनी त्या चपला वाकून बघितल्या. मग म्हणाले, "नियम त्यांचाच आहे. चपला बाहेर, तर माणूस आत." आणि हात धुवायला गेले. ताई म्हणाली, "त्यांचं झालं की निघतील बाहेर. आपल्याला कसली घाई." तिचा आवाज अगदी मोकळा होता, माहेरचं कोणी राहायला आल्यावर असतो तसा. मलाही खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. घरात मोठं माणूस असलं की बरं वाटतं.

फक्त एवढंच, की ओटा धुक्याने ओला झाला होता आणि वाटेत नकोत म्हणून मी त्या चपला जरा कडेला सरकवायला गेलो.

पट्ट्यांखाली त्या गरम होत्या. आत्ताच पाय काढल्यासारख्या.