श्रीताडाचा तुरा

बंदरालगतच्या त्या शहरात दोनशे वर्षांपूर्वीचं वनस्पती उद्यान होतं. लोक त्याला आता 'आयुष्यबाग' म्हणत. मधोमध उभ्या असलेल्या एका श्रीताडाच्या गाभ्यातून तिथे 'तालरस' काढला जाई आणि तो टोचून घेतलेला माणूस म्हातारा होत नसे. तीस वर्षांत शहरातल्या नऊ लाख लोकांनी तो घेतला होता. उद्यानातल्या केंद्रावर रोज सकाळी रांग लागे.

शालन रेडकर पहिल्या तुकडीतल्या. वय शहाऐंशी, पण दिसायच्या पंचावन्नच्या. दरवर्षी त्याच तारखेला त्या ताडाला नमस्कार करायला येत. यंदा त्याच्याभोवती उंच पत्रे ठोकलेले होते. वर पाटी: 'डागडुजी चालू आहे.'

"काकू, तब्येत कशी आहे?" मागून डॉ. निरुपमा खोत यांनी विचारलं. या उद्यानातल्या संशोधक. शालनताईंची दरवर्षीची तपासणी त्याच करत.

"झकास गं! महिनाभर नुसती भूक लागतेय. परवा चार जिने धावत चढले. केससुद्धा काळे येताहेत बघ."

निरुपमाचा चेहरा उतरला. तिने पत्र्याचं दार उघडलं.

ताडाच्या शेंड्यातून दोन मजली उंचीचा पिवळसर तुरा उसळला होता. लाखो फुलं, आणि खालपर्यंत ऐकू येणारी मधमाश्यांची घोंघों.

"किती देखणा!" शालनताई म्हणाल्या.

"श्रीताड जन्मात एकदाच फुलतो, काकू. साठवलेलं सगळं बळ तुऱ्यात ओततो आणि वर्षभरात मरतो."

"झाडच ते. कधीतरी जाणारच."

"पण कधी फुलायचं, हे त्याला कसं कळतं? त्याच्या पेशींत एक साखळी असते. आम्ही तिला 'कालमाळ' म्हणतो. वर्षाला एक मणी गळतो. मणी आहेत तोवर झाड फुलत नाही, खंगत नाही. तालरसातून तीच माळ तुमच्या पेशींत गेली, म्हणून म्हातारपण थांबलं. मणी किती उरलेत, ते मात्र आम्हाला मोजता येत नव्हतं."

शालनताईंचा हात आपसूक केसांकडे गेला. "म्हणजे ही भूक, हा जोर..."

"हो, काकू. हा तुमचा तुरा."

त्या तिथल्याच पारावर बसल्या. त्यांनी विचारलं, "ज्यांनी काल टोचून घेतलं, त्यांचं काय?"

"बांबूचा तुकडा काल लावला, तरी तो मूळ बेटाबरोबरच फुलतो. सगळ्यांची माळ एकच."

"तुरा तोडला तर?"

"दुसऱ्या एका बागेत तोडून पाहिला. ताड तरीही गेला."

"मग बाहेर रांग कशी चालू आहे?"

"मी दोनदा वर लिहिलं. घबराट नको म्हणाले. पत्रे ठोकायला लावले."

"मला किती दिवस?"

"माणसाचं सांगता येत नाही. वर्षाच्या आतच."

शालनताई उठल्या आणि थेट केंद्राच्या रांगेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाळांनो, टोचून घेऊ नका! ताड फुललाय. त्याच्याबरोबर आपण सगळे मरणार आहोत."

रांग थबकली. पुढच्या बाईने त्यांना खालीवर न्याहाळलं. "तुम्ही कधी घेतलात?"

"तीस वर्षं झाली."

"तीस वर्षं!" ती हसली. "स्वतः भोगलंत, आणि आम्हालाच नको म्हणता?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, बाजूला व्हा!"

आतून परिचारिकेने पुढचा क्रमांक पुकारला. शालनताईंना वळसा घालून रांग पुढे सरकली.