चंद्रप्पाला न कळलेलं युद्ध

मी उदगीरला एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. मागच्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या मंजुश्रीनं मला एक काम सांगितलं. तिची आजी लक्ष्मम्मा नव्वदीची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली. लक्ष्मम्माचा थोरला भाऊ चंद्रप्पा निजामाच्या पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात मलायाला गेला, तो परत आलाच नाही.

"कुठं गेला एवढं तरी शोधा, सर," मंजुश्री म्हणाली. "ऐंशी वर्षं झाली, कुणी काही कळवलंच नाही."

नाव सापडायला तीन आठवडे लागले. युद्धकैद्यांच्या एका यादीत दोन ओळी होत्या. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत. १९४३ मध्ये जहाजातून न्यू ब्रिटन बेटावर रवानगी. पुढे काही नाही.

दर शनिवारी दुपारी मी पॅसिफिक महासागराचा नकाशा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागलो. लक्ष्मम्माला गल्लीत सगळे अव्वा, म्हणजे आजी, म्हणत. अव्वा बाजेवर बसायची. मी तिचं बोट धरून कागदावरून फिरवायचो.

"ह्ये समदं पानीच का, मास्तर?"

"पाणीच, अव्वा."

"त्यानं तर हिरीतबी कधी उडी मारली न्हाई," ती म्हणाली. मग बराच वेळ बोट उचललं नाही. "जाताना टेसनवर मला खांद्यावर घेतलं. मी सात वर्षांची. रडले बी न्हाई. इंजिन बघत बसले."

दुसऱ्या शनिवारी मी नेहमीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला गेलो, तर ती म्हणाली, "तिथं नगा बसू. हिकडं या, बाजंवर."

खुर्चीचा पाय मोडला असेल असं मला वाटलं. मी कैद्यांच्या जहाजाबद्दल सांगायला लागलो, तर तिनं मध्येच थांबवलं.

"खाली कोंडलं होतं. पाय पसराया जागा न्हाई. बाजूचा मानूस मेला तरी दोन दिस तसाच टेकून बसलेला."

मी मंजुश्रीकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. हे मी सांगितलेलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं. म्हातारं माणूस कल्पना करतं, अशी मी माझी समजूत घातली.

तिसऱ्या शनिवारी मी तिला अमेरिकेची चढाई सांगितली. ग्वाडलकनाल, मग सॉलोमनची एकेक बेटं. ती ऐकायची, रिकाम्या खुर्चीकडे वळून, आमच्या दोघांच्याही घरी बोलतात त्या कन्नडमध्ये, हलक्या आवाजात तेच पुन्हा सांगायची आणि थोडं थांबायची.

"आमचं बेट कवा घेतलं?" तिनं विचारलं.

'आमचं' हा शब्द मला खटकला.

"पुरतं घेतलंच नाही, अव्वा. अमेरिकन आरमार वळसा घालून पुढं गेलं. बेटाची नाकेबंदी केली आणि सोडून दिलं."

"मग तिथली मानसं?"

"धान्य येणं बंद झालं," मी म्हणालो. मी नकाशाची घडी घातली.

तिनं ते खुर्चीकडे वळून सांगितलं. घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं, थांबत थांबत.

मी जाणं बंद केलं. परीक्षा आहेत असं कळवलं. दहा दिवसांनी मंजुश्री कॉलेजातच आली.

"अव्वा जेवत नाही. म्हणते, अण्णाला पुढचं म्हाईत न्हाई. लढाई संपली का, येवढंच इचारतोय." तिचे डोळे भरून आले. "सर, मला तिथं कुणी दिसत नाही. पण खुर्ची उचलायला गेले, तर उचललीच गेली नाही."

मी त्याच दुपारी गेलो. नकाशा नेला नाही. सायपान, लेते, ओकिनावा. बेटामागून बेट, पुस्तकातल्यासारख्या तारखा सांगितल्या. माझी पाठ खुर्चीकडे होती.

"संपली, अव्वा. पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये."

तिनं सांगितलं.

मागं खुर्ची करकरली. दमलेला माणूस मागं रेलतो तशी.

मी वळलो नाही.

अव्वा म्हणाली, "तो म्हनतोय, मग मला न्याया कोन आलं न्हाई का?"

 उत्तर अव्वानंच दिलं. कन्नडमध्ये, लहान पोरीच्या आवाजात. "थांब अण्णा. मीच येते."

पुढच्या शुक्रवारी पहाटे ती गेली.

आमच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरून त्यात देह ठेवतात आणि वर विभूती टाकतात. किशन नावाचा माणूस आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीत, हे काम करतो. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा तो खड्ड्यापासून लांब, लिंबाखाली उभा होता.

"म्या एकच कोरला होता, सर," तो म्हणाला. "च्या प्याया गेलो, येवढंच."

मी खाली उतरलो. एका भिंतीत अव्वासाठीचा कोनाडा होता, कुदळीच्या खुणांसकट. समोरच्या भिंतीत दुसरा होता. त्यावर कुदळीची एकही खूण नव्हती. आतली माती पाठ टेकून टेकून व्हावी तशी गुळगुळीत झाली होती आणि ओली होती. मार्चचं कोरडं ऊन होतं. मी बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.

वर मंजुश्री विभूती घेऊन उभी होती. मी समोरच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिनं खाली वाकून पाहिलं, मूठ सैल केली आणि अर्धी विभूती दुसऱ्या हातात घेतली.