डीलियाच्या दारावरचं वर्ष

आमच्या टिबेट्स खाडीत माझ्याएवढा पक्का खोडकर दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला कुणी एकदाही रंगेहाथ पकडलेलं नाही. म्हणजे पाद्रीबुवांच्या बुटांत काकवी ओतली तेव्हा पकडलं होतं, ते सोडा. सहावीतून शाळेने घरी पाठवलं, तेही सोडा, त्या मास्तरणीला विनोद कळत नव्हता. आणि माझी बायको म्हणायची की लग्नात तिने मला जन्माचा पकडला. पण ती आता नाही, त्यामुळे उलट साक्ष द्यायला कुणी उरलेलं नाही.

शेगडीच्या जवळ सरका जरा. तिथे वारा लागतो.

त्या गुरुवारी मी धाकट्या बहिणीकडे करवत परत द्यायला निघालो होतो. डीलियाचं घर माझ्या घरासमोरच, मधे फक्त रस्ता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं निळं दार सरळ दिसतं. त्या दाराला आमची सगळी वस्ती बघत असते, कारण दारावर ती वर्षभर चक्रं टांगते. पुष्पचक्र म्हणायला जीभ रेटत नाही, फुलं त्यात क्वचितच असतात. जानेवारीत पाइनच्या बोंडांचं. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनला लाल चिंध्यांच्या बदामांचं. वसंतात, ईस्टरला, विलो झाडाच्या मऊ कळ्यांचं, मधे रंगवलेली अंडी. जुलैत दोरखंड आणि शिंपले. पानं पिकायला लागली की मक्याच्या वाळक्या पात्यांचं. आणि नोव्हेंबर संपता संपता फर झाडाच्या शेंड्यांचं, हिरवंगार, ज्याच्या राळेचा वास रस्त्यापलीकडे माझ्या कॉफीत येतो.

या फरच्या बाबतीत आम्ही मेन राज्याच्या किनाऱ्यावरची माणसं चेष्टा करत नाही. मीसुद्धा नाही. फरचे शेंडे मोडायचे ते तीन रात्री कडक गोठण, म्हणजे पाणी थिजवणारी थंडी, पडल्यानंतरच. त्याआधी मोडलेत तर आठ दिवसांत सगळ्या सुया झडतात आणि दारावर नुसता काड्यांचा सांगाडा राहतो. नवरा गेल्यावर डीलियाने अशी चक्रं बांधूनच पोरीला वाढवलं. बोस्टनला ट्रक भरून जायचे. तारेची गोल कडी, तिच्यावर शेंडे, वरून तार, पुन्हा कडी, शेंडे, तार. तिची बोटं अजून झोपेतसुद्धा तार गुंडाळतात.

तर त्या गुरुवारी ती चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. मागचं दार आमच्याकडे कुणी लावत नाही. मी आत गेलो, करवत ठेवली आणि उगाच वर गेलो. वरच्या खोलीत सगळी चक्रं खिळ्यांना टांगलेली असतात, प्रत्येकावर जुनी उशीची खोळ. मी ईस्टरचं काढलं. खाली आलो. मक्याचं उतरवून पायरीजवळच्या बाकावर ठेवलं आणि ऑक्टोबरच्या पिवळ्या उन्हात दारावर ईस्टर टांगला.

मग खिडकीत बसून वाट पाहिली. ती आली. दारासमोर उभी राहिली, डोकं एकीकडे कललं, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मक्याचं चक्र जागच्या जागी. माझ्याशी एक शब्द नाही. मला एवढं हसू आलं की दातांची कवळी काढून ठेवावी लागली.

पुढच्या गुरुवारी फेब्रुवारीचे बदाम लावले. टपाल वाटणारी ग्लेनिस माझ्या पेटीपाशी गाडी थांबवून म्हणाली, "ऑरिन, तुझ्या बहिणीचं कॅलेंडर उलटं टांगलंय वाटतं."

"वय झालं तिचं," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. लक्षात ठेवा, मी म्हटलं.

त्यानंतरच्या शनिवारी, ती बाजारात गेलेली असताना, पुन्हा ईस्टर. आणि रविवारी तिची मुलगी मर्ना बँगोरहून आली, न सांगता. मी तेव्हा डीलियाच्या टेबलाशी बसून तिचा बीन्सचा वाडगा चाटूनपुसून संपवत होतो.

"आई, दारावर ईस्टरची अंडी आहेत."

डीलियाने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग मर्नाकडे. "असतील."

"ऑक्टोबर आहे, आई."

"मीच लावली असतील. विसरले असेन."

मर्नाने खुर्ची ओढली. मग पिशवीतून एक छापील फॉर्म काढून तिने मिठाच्या डबीखाली सरकवला. बँगोरच्या वृद्धाश्रमाचा. खोली मोकळी होती, खिडकी पार्किंगकडे. "मागच्या महिन्यात शेगडी चालू ठेवून तू चर्चला गेलीस. आता हे. शुक्रवारी मी रजा काढून येते. सही कर म्हणत नाही, पण बोलू या."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण मर्ना माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ऑरिन मामा, तुझंही काही फार बरं दिसत नाही मला," आणि मी तोंडात बीन्स कोंबल्या.

घरी येऊन शपथ घेतली. आता चक्रांना हात लावायचा नाही. मक्याचं चक्र डीलियाने संध्याकाळपर्यंत पुन्हा लावलंच होतं. डीलिया जन्मली त्या घरात, तिला पार्किंगकडे बघत मरायला पाठवणारा मी नव्हे. चार दिवस दार नीट राहू दे, शुक्रवारी मर्ना येईल, बघेल, आणि फॉर्म परत पिशवीत घालेल.

सोमवारी सकाळी खिडकीचा पडदा सारला, तर दारावर जुलै. दोरखंड आणि शिंपले.

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, म्हातारीने डाव ओळखला आणि उलटा टाकला. रस्ता ओलांडून गेलो. मक्याचं चक्र बाकावर पडलेलं होतं, जसं मी ठेवायचो तसंच, पात्यांची तोंडं भिंतीकडे. मी शिंपले उतरवून बाकाखाली सरकवले, मका टांगला. शिंपले गार होते, आणि ओले. आता बघा, ते शिंपले डीलियाच्या वरच्या खोलीत तीस वर्षं वाळलेले आहेत. पण दव पडलं असेल. पडतं.

तरी संध्याकाळी मी एक जुनी युक्ती केली. शेगडीतली काजळी तेलात कालवून दारावरच्या चक्र टांगायच्या आकड्याला फासली. जो हात लावेल त्याची बोटं काळी. पोरवयात अशीच मी शाळेच्या घंटेची दोरी माखली होती आणि हेडमास्तर दिवसभर काळं नाक घेऊन फिरला होता.

मंगळवारी दारावर फर होता.

मी तसाच चपलांवर गेलो. जवळ जायच्या आधीच वास आला, नोव्हेंबरचा वास, राळ आणि गार धातू. त्या साली एकदाही गोठण पडली नव्हती. तीनचं सोडा, एकही नाही. माझ्या परसात टोमॅटो उभे होते. कुणीही मेनचा माणूस तेव्हा फर मोडणार नाही, झिंगलेलासुद्धा नाही. आणि समजा मोडला, तर सुया हाताला लागताच गळायला हव्यात. मी चिमटीत धरून ओढल्या. मग मूठ भरून ओढल्या. एक निघाली नाही. मे महिन्यातल्या गवतासारख्या घट्ट.

आकड्यावरची काजळी जशीच्या तशी. माझ्या ब्रशच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. चक्र तिच्यावरच टांगलेलं होतं, पण तिला टेकलेलं नव्हतं... कसं सांगू. मधे कागद जाईल एवढी फट होती.

"डीलिया," मी दारातून हाक मारली, "हात दाखव."

ती पदराला हात पुसत आली, ॲप्रनच्या पदराला. पीठ लागलेलं होतं. काळं काही नाही. तिने माझ्या खांद्यावरून फरकडे बघितलं आणि म्हणाली, "लवकर झालं जरा हे."

एवढंच. आणि आत गेली.

मी घरी येऊन आपले हात बघितले. माझेही स्वच्छ. खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मीच करत असेन. मी, झोपेत. शेगडी चालू ठेवून चर्चला गेली ती डीलिया होती, की मी? ते मला नक्की आठवेना. चपलांचे तळवे उलटे करून बघितले, ओले होते. पण मी तर नुकताच जाऊन आलो होतो, ओले असणारच. असं करत करत मी स्वयंपाकघरात वर्तुळात फिरत राहिलो आणि प्रत्येक फेरीला एक नवीन गोष्ट पटत गेली आणि आधीची खोटी ठरत गेली.

बुधवारी पहाटेच खिडकीशी खुर्ची लावली. उजाडलं. फर जागेवर होता, मी नजर हलवली नाही. सात वाजले. डीलियाच्या धुराड्यातून धूर निघाला. साडेसात. मागे किटली शिट्टी घालायला लागली. मी मागे वळलो, किटली उचलली, परत बघितलं. चार पावलं जायची, चार यायची.

दारावर नुसती कडी होती. तारेची उघडी कडी. ना शेंडा, ना पान, ना फीत. आणि खाली पायरीवर, एवढा मोठा फर सोलला तरी, एक सुई पडलेली नव्हती.

मी गेलो नाही. भ्यालो म्हणा. दुपारी डीलिया पायपुसणं झटकायला बाहेर आली, ठणठणीत, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. गुरुवारी तिने स्वतः मक्याचं चक्र टांगलं, तेवढं मी डोळ्यांनी बघितलं. तरी रस्ता ओलांडला नाही.

शुक्रवारी अकराला मर्ना आली. मला हाक मारून बोलावलं. टेबलावर फॉर्म, फॉर्मवर पेन. येताना ग्लेनिसने तिला रस्त्यातच गाठलं होतं. शिंपले, फर, रिकामी कडी, सगळं तिच्या कानावर गेलेलं.

"आई, एका आठवड्यात चार वेळा बदललंस. आणि हिरवा फर ऑक्टोबरात? तू? तूच मला शिकवलंस ना, तीन गोठणींआधी हात लावायचा नाही म्हणून." तिचा आवाज फाटला. "मला काळजी वाटते गं तुझी. एकटी असतेस इथे."

डीलिया पेनाकडे बघत बसली. हात टेबलाखाली होता, आणि मला माहीत होतं, बोटं तार गुंडाळत होती. मग तिने पेन उचललं.

"मी केलं," मी म्हटलं.

दोघी बघायला लागल्या.

"सगळं. ईस्टर, बदाम, शिंपले, फर, कडी. फर उत्तरेला, वरच्या अंगाला, एका ओळखीच्याकडून आणला, तिकडे गोठण पडलीय. गंमत म्हणून. आईच्या डोक्याला काही झालेलं नाही, मर्ना. झालंय ते माझ्या."

मर्नाने मला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही, तुमच्या घरात मुलं असतील. मामा असून लाज नाही, म्हातारा गाढव, हे त्यातलं सौम्य. पण बोलता बोलता ती रडली, आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बराच वेळ उभी राहिली, आणि मग फॉर्मचे दोन तुकडे करून शेगडीत घातले. "राहा बाई इथेच," म्हणाली, "पण याला घरात घेऊ नकोस." आणि गाडी काढून गेली.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. गाडी वळणाआड गेली तशी मी खुर्ची ओढून बसलो.

"चल, वाचलीस," मी म्हटलं. "राहिलीस आपल्या घरात. आता खरं बोल. दोनदा ईस्टर आणि एकदा बदाम, एवढे माझे. बाकीचे तुझे. मानलं तुला, डीलिया. फक्त फर कुठून पैदा केलास, तेवढं सांग."

ती कप विसळत होती. "माझे? मी कशाला लावू? मला वाटलं, सगळे तुझेच."

"मग मर्नाला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझं नाव घेतलं असतं, तर तिने तुझ्यासाठीही फॉर्म आणला असता. शेजारची खोली. मरेपर्यंत तुझी बडबड भिंतीतून ऐकायची? त्यापेक्षा मी वेडी बरी."

मी हसलो. एकटाच हसलो. "थट्टा पुरे. रविवारी जेवून गेल्यापासून आज सकाळपर्यंत मी या घराच्या आत पाऊल टाकलेलं नाही. आईची शपथ."

डीलियाने नळ बंद केला. लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तसं माझ्याकडे बघितलं, नीट, खालून वर. आणि ते खोटं नाही हे तिला दिसलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"बुधवारी सकाळी दारावर खुडबुड झाली. मी इथूनच म्हटलं, किती दिवस बाहेर उभा राहणार आहेस, ये आत. तर तू आलास. दार लावून घेतलंस आणि सरळ वर गेलास. म्हटलं, गेला असेल पुढचं चक्र काढायला. खाली येईना, म्हणून कप जिन्याच्या पायरीवर ठेवला, तासाभराने बघते तर रिकामा. कालही ठेवला. आजही." तिने हातातला कप माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "तू नव्हतास म्हणतोस ना? मग जा वर, आणि तूच विचारून ये त्याला, कॉफीत साखर पुरते का."