एकोणीस नंबरचं चेंबर

गटाराच्या चेंबरचं झाकण नीट बसवलेलं होतं आणि शेजारी एकच चप्पल पडली होती.

शाळेची शिपाई गोदा सोमवारी सकाळी मागची पटांगणाची बाजू झाडायला गेली तेव्हा तिला ती दिसली. चप्पल पुरुषाची होती. तिने पोलिसांना फोन केला. साडेआठला मानपाडा पोलीस ठाण्याच्या उपनिरीक्षक दक्षता केणे सोनारखारला पोहोचल्या आणि झाकण उघडायला लावलं.

आत मारुती मढवी होते. वय बाहत्तर, डोक्याला मागून मार. सोनारखारचे जुने नळ-फिटर.

"गटार साफ करायला उतरले असतील," हवालदार प्रणित म्हणाला. "गॅस लागला असेल."

"मग झाकण कोणी लावलं?"

प्रणितने झाकणाकडे पाहिलं.

झाकणावर दोन आकडे होते. लोखंडात ओतलेला सात, आणि त्यावर पिवळ्या रंगात रंगवलेला एकोणीस. पालिकेचा कनिष्ठ अभियंता सर्वेश धावत आला होता, त्याला दक्षताने त्याबद्दल विचारलं.

"सात हा जुन्या मंडळाचा नंबर, मॅडम. शहाऐंशी साली इथल्या सात गावांनी मिळून स्वतःचं पाणी आणि सांडपाणी मंडळ काढलं होतं. घरटी एक माणूस खणायला यायचा. त्यांनी चेंबरं तळ्यापासून खाली मोजली. गावं शहरात आली, मंडळ बरखास्त झालं. आम्ही खाडीकडून वर मोजतो, म्हणून त्यांचा सात तो आमचा एकोणीस."

"म्हणजे जुन्या मोजणीत एकोणीस कुठे येतो?"

"थेट खाडीच्या काठावर. इथून दीड किलोमीटर."

"मारुतींशी तुमचं काय काम होतं?"

सर्वेशने कपाळ पुसलं. "इथल्या चाळीत काविळीची साथ आहे. तिघं गेली. जुनी गटारलाइन पिण्याच्या पाइपाला लागून जाते. ती काँक्रीटने बंद केल्याचा दाखला आमच्याकडे आहे, पण नकाशा नाही. नकाशा फक्त मारुतीबाबांच्या वहीत, ते मंडळाचे फिटर होते. गुरुवारी चौकशी समितीपुढे ते बोलणार होते."

"दाखल्यावर सही कोणाची?"

"मंडळाचे चिटणीस, बाळ सामंत. आता ठाणे शहरात राहतात, नौपाड्यात."

मारुतींची मुलगी मालन चाळीच्या ओट्यावर बसली होती. तिची नऊ वर्षांची मुलगी अक्षदा चार दिवसांपासून कळव्याला इस्पितळात होती, पिवळी पडलेली.

"बाबा घरातून कधी निघाले?"

"काल जेवून. दोन वाजले असतील. वही काखेत मारून गेले. मी बोलले, कुठं चाललात उन्हाचं? तर बोलले, एकाला दाखवायची आहे, मग तो तोंड उघडेल."

"कोणाला?"

"नाव नाही घेतलं. अक्षदा आजारी पडल्यापासून बाबा झोपलेच नव्हते, मॅडम. सारखं बोलायचे, मला माहीत होतं, मी तेव्हाच बोंब मारायला हवी होती."

"वही परत आली?"

मालनने नकारार्थी मान हलवली.

वही चेंबरमध्येही नव्हती.

अकराच्या सुमारास दक्षता आणि प्रणित सामंतांच्या दारात उभे होते. सामंत सत्तरीचे, धुवट सदरा, टेबलावर टंकलिखित कागदांचा गठ्ठा. सात गावांच्या मंडळाचा इतिहास ते लिहीत होते.

"मारुती मढवी तुम्हाला शेवटचे कधी भेटले?"

"वर्ष होऊन गेलं असेल. का हो?"

"ते गेले. एकोणीस नंबरच्या चेंबरमध्ये सापडले."

सामंत सावकाश खुर्चीत बसले. "फार वाईट झालं. या वयात एकट्याने उतरायचं म्हणजे... आणि शाळेमागे हाक मारली तरी ऐकणार कोण?"

दक्षताने आपल्या डायरीतून नजर वर केली नाही. "आमच्याआधी कोणाचा फोन आला होता का तुम्हाला?"

"नाही. तुमच्याच तोंडून कळतंय."

"पालिकेचा नवा नकाशा आहे तुमच्याकडे? चेंबरचे नवे नंबर?"

"मी तो उघडूनही पाहिलेला नाही. आमचं मंडळ ज्यांनी मोडलं, त्यांचे आकडे मला कशाला हवेत? मी आमचे ओळखतो, तेवढे पुरे."

"तुमच्या मोजणीत एकोणीस कुठे होता?"

सामंत टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"मी सांगते," दक्षता म्हणाली. "खाडीच्या काठावर. मी तुम्हाला एकोणीस म्हटलं. तुम्हाला फक्त जुने आकडे माहीत. मग तुमच्या डोळ्यांपुढे खाडी यायला हवी होती, शाळा नाही. मारुती तुमच्या सातमध्ये सापडले. हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

दक्षताने डायरी मिटली.

"लाइन कधी बंद झालीच नाही. मंडळ मोडायच्या घाईत तुम्ही न बघता सही केलीत. मारुतींना ते ठाऊक होतं, पण तुमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. नात आजारी पडली तेव्हा त्यांनी तो मोडला. गुरुवारी तुम्ही स्वतःच सांगा, नाहीतर मी सांगतो, म्हणाले असतील. तुम्ही म्हणालात, आधी चेंबर उघडून दाखव. रविवार, शाळा बंद, तुम्ही तिथे आलात. ते झाकण सरकवून वाकले आणि तुम्ही मागून मारलंत. आत पडल्यावर झाकण जागेवर लोटलंत. तेच चुकलं. उघडं ठेवलं असतं तर आम्ही अपघात म्हणून लिहून मोकळे झालो असतो."

"तीन माणसं मेली म्हणाला तो," सामंत म्हणाले. "माझ्या सहीने. चाळीस वर्षं लोक मला हात जोडतात. झाकण उचलायची लोखंडी चावी माझ्याच हातात दिली होती त्याने, धरा म्हणून."

"आणि वही?"

ते उठले. प्रणित पुढे झाला, दक्षताने त्याला थांबवलं. सामंतांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही काढली. पानोपानी पेन्सिलीने आखलेल्या लाइन, प्रत्येक चेंबरची खोली, खणणाऱ्या घरांची नावं.

"जाळायला काढली होती," ते म्हणाले. "काडी ओढली गेली नाही. मंडळाचं दुसरं काहीच उरलेलं नाही."

दक्षताने सातव्या चेंबरच्या पानाचा फोटो तिथूनच सर्वेशला पाठवला. मग सोनारखारचा पाणीपुरवठा ताबडतोब थांबवायला आणि टँकर पाठवायला सांगितलं.

जिना उतरताना सामंत एकदा मागे वळले.

"ती वही जपून ठेवा, बाई."

"ठेवणार," दक्षता म्हणाली. "तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे तो."