विसावा ठोका

हे खरं आहे. माझ्या पणजोबांच्या बाबतीत घडलंय आणि त्यांनी स्वतः, शेवटच्या आजारात, माझ्या आजीला शपथेवर सांगितलंय. गोष्टीपुरतं त्यांना सायलसच म्हणते.

रात्रीचं नाही. दिवसाढवळ्याचं.

ओहायोतलं आमचं लहानसं गाव. दोन जुलै १८८१, शनिवार.

सायलस चर्चची घंटा वाजवायचा. गावात कुणी गेलं, की त्याच्या वयाइतके ठोके. लोक हातातलं काम टाकून मोजायचे. आकड्यावरून कोण गेलं ते कळायचं.

त्या सकाळी वॉशिंग्टनच्या स्टेशनात राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळ्या लागल्या. ते आमच्या ओहायोचेच, त्यामुळे अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागला. दुपारी दुकानात कुणीतरी म्हणालं, गेले.

तारेचा कागद हातात आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, असा नियम होता. पण समोरच्या मेथडिस्टांची, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चची, घंटा मागच्या वेळी आधी वाजली होती. त्यांचा माणूस अजून भेटेल तिथे विचारायचा, "काय सायलस, झोप झाली का?"

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

सायलस कागदाची वाट न बघता पळत सुटला.

एकोणपन्नास ठोके द्यायचे होते. एकोणिसावा पडला आणि तारमास्तर धापा टाकत आला. "थांबव रे. जिवंत आहेत ते."

सायलसने दोर सोडला.

एकोणिसावरच...

चर्चच्या समोर हॅना ब्रेनर्ड ही विधवा राहायची. तिची एकुलती एक मुलगी, अल्मीरा, दोन आठवडे तापाने अंथरुणाला खिळली होती.

अल्मीरा एकोणीस वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

पुरून आल्यावर हॅनाने त्याला एकच विचारलं. त्या दिवशी तारेचा कागद आला होता का?

"आला होता," सायलस म्हणाला. "चुकीचा निघाला."

ते खोटं होतं. त्यानंतर त्याला जेवण गेलं नाही. हॅना दिसली की तो रस्ता बदलायचा.

सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष खरोखरच गेले. वीस तारखेच्या सकाळी सायलसने तारेचा कागद तीनदा वाचला, खिशात घातला आणि मगच दोर धरला.

सतरा.

अठरा.

एकोणीस.

त्याने विसाव्यासाठी दोर ओढला...

आवाजच नाही.

दोर खाली आला. वर चाक करकरलं. मनोऱ्याची फळी पायाखाली हादरली. पण घंटा वाजली नाही.

पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

समोरच्या मेथडिस्टांची घंटा त्याला स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे कान शाबूत होते.

तळहात सोलून निघाले तरी तो ओढत राहिला. मग पाठीमागे दार वाजलं.

दारात हॅना उभी होती.

"परत एकोणीसच?" ती म्हणाली. "माझ्या घरासमोर?"

सायलसने दोर सोडला. तो खालीच बसला.

"हॅना, कागद नव्हता. ऐकीव बातमीवर वाजवली मी. मेथडिस्टांच्या आधी वाजवायची होती, एवढंच. आणि थांब म्हटल्यावर आणखी एक ठोका तरी द्यायचा ना. तेही सुचलं नाही मला."

हॅना दोराजवळ आली.

"अल्मीरा मोजत होती," ती म्हणाली. "एकोणिसाला तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब बाळा, अजून पडतील. दोघी थांबलो. ती दुसऱ्या दिवसापर्यंत कान लावून होती, सायलस. सारखी विचारायची, पडला का गं?"

त्याच क्षणी...

वर एक ठोका पडला.

एकच.

दोर दोघांच्या मधे सरळ लोंबत होता. जरासुद्धा हलला नव्हता.

हॅनाने वर बघितलं.

"पडला गं," ती हळूच म्हणाली, आणि निघून गेली.

सायलसने पुन्हा कधी दोराला हात लावला नाही.

आता घंटा विजेवर वाजते. बटण दाबलं की झालं. तरी एकोणीस झाले की ती अडकते... दोन-चार श्वासांइतकी. मग विसावा पडतो. दुरुस्तीवाल्याने तीनदा उघडून बघितलं, त्याला काही सापडलं नाही.

माझ्या नातीला ऑगस्टमध्ये एकोणीस पूर्ण झाली. परवा कुणीतरी गेलं, घंटा सुरू झाली, आणि ती खिडकीत उभी राहून मोजायला लागली.

मी तिचे कान दोन्ही हातांनी झाकून धरले.

विसावा पडेपर्यंत.